मयेकर मॅडमची दवंडी

मयेकर मॅडम एंटर मारायच्या आधी मोठ्याने वाचायच्या. काळ्या पडद्यावर त्यांनी टाइप केलेली एक ओळ असायची. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला टेकेल इतकं पुढे झुकून, त्या ती ओळ शाळेतल्या मुलीसारखी अक्षर न् अक्षर वाचायच्या. टिंब आलं की "टिंब" म्हणायच्या, रेघ आली की "रेघ". मग करंगळीने एंटर. बाकी सगळं टायपिंग दोन बोटांनी, पण एंटर मात्र करंगळीने. का, ते मी कधी विचारलं नाही. संघाच्या त्या खोलीत आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती आणि मी पत्रव्यवहार बघायची. पहिला महिनाभर मला वाटायचं, बाई मंत्र म्हणतात.

आमचा संघ मच्छीमारांचा. कचेरी रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या अलीकडे, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर. आमच्या किनाऱ्यावर जितक्या जेटी, तितकी आमची यंत्रं. जेटीवरच्या शेडमध्ये एक छोटा संगणक, टिफिनच्या डब्याएवढा. त्याला जोडलेला भोंगा आणि लाल दिवा. हवामान खात्याचा इशारा आला की भोंगा वाजणार. मोठ्या बोटींकडे वायरलेस असतो, पण छोट्या होड्या किनाऱ्याला धरून फिरतात, त्यांना भोंग्याचाच आधार.

आता कुठल्या इशाऱ्याला भोंगा किती वेळ वाजवायचा, कोणाच्या मोबाइलवर निरोप धाडायचा, चाचणी कधी घ्यायची, हे त्या प्रत्येक डब्याला ठाऊक असावं लागतं. मॅडम यायच्या आधी एक माणूस मोटरसायकलवर जेटी जेटी फिरून हे भरायचा. तो शेवटच्या जेटीला पोचेपर्यंत पहिल्या जेटीवरचं जुनं झालेलं असायचं. मग एकीकडे भोंगा पाच मिनिटं, दुसरीकडे अर्धं मिनिट, आणि तिसरीकडचा निरोप दोन वर्षांपूर्वी वारलेल्या सेक्रेटरीच्या फोनवर.

मॅडम मुंबईत एका कंपनीत अशीच कामं करून आल्या होत्या. तिथे शेकडो यंत्रं एका जागेवरून सांभाळायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच, आणि लगेच दुसरा विषय. आई गेल्यावर गावाकडे असावं म्हणून नोकरी सोडून रत्नागिरीत आल्या, खालच्या आळीत दोन खोल्या घेतल्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्या जेटींचं खरं काय असायला हवं ते एका जागी लिहून काढलं, आणि एक फुकटात मिळणारं साधन बसवलं. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. ते सगळ्या जेटींवर जातं, तिथल्या डब्यात काय आहे ते बघतं, आपल्याकडे लिहिल्यापेक्षा वेगळं असलं तर सरळ करतं आणि परत येऊन सांगतं. झालं असेल तर हिरवी ओळ, नसेल तर लाल. त्या साधनाचं नाव इंग्रजी होतं आणि चेअरमन तात्यांच्या तोंडात ते बसेना. मॅडमनी त्याचं नाव दवंडी ठेवलं. मग कचेरीत सगळे म्हणायचे, "मॅडम, आज दवंडी आहे का?"

दवंडी पिटायच्या आधी त्या नुसतं विचारून बघायच्या. म्हणजे त्या साधनाला सांगायचं, काही बदलू नको, फक्त काय बदलशील ते दाखव. ते यादी दाखवी. मॅडम ती वाचायच्या, एखाद्या ओळीपाशी थांबायच्या, "हे कशाला?" असं पडद्यालाच विचारायच्या, आणि सकाळ गेली तरी पुढे सरकायच्या नाहीत. तात्या चिडायचे. "अहो, त्या मशीनला कळतंय ना?" मॅडम म्हणायच्या, "त्याला ऐकू येतं तात्या. कळत नाही."

चहा त्या बशीतून प्यायच्या. पावसाळ्यात पायातल्या चपला टेबलाखाली पसरून वाळत घालायच्या आणि अनवाणी काम करायच्या. मासे कुठले ताजे हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोळणी त्यांना लांबून बघितलं की वरची सुरमई बाजूला ठेवायच्या आणि खालची दाखवायच्या. कोणी "कम्प्युटरवाल्या बाई" म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. "मी खारव्याची मुलगी आहे, कम्प्युटर नंतर आला."

त्यांच्यातली हट्टी बाई मला पहिल्यांदा दिसली ती गजाननच्या भानगडीत. दापोलीकडच्या एका जेटीवर हा गजानन यंत्र बघायचा. आठवडाभर रोज सकाळी दवंडी सांगायची, इथल्या भोंग्याचा आवाज कमी केलेला होता, तो मी पूर्ववत केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणूस रोज कमी करतोय, यंत्र रोज वाढवतंय. तात्या म्हणाले, त्याला काढून टाका. मॅडमनी बॅग उचलली. मला म्हणाल्या, "सरोजबाई, चला. आंजर्ल्याच्या गणपतीला जाऊन येऊ वाटेत." नवस बिवस काही नव्हता. एकटीला एसटीत मळमळायचं, म्हणून सोबत हवी होती.

गजाननचं घर शेडला लागून. ओटीवर त्याची आई खाटेवर पडलेली, अर्धांगाने. भोंगा बरोबर तिच्या डोक्यावर. सकाळची चाचणी झाली की म्हातारी इतकी दचकायची की तासभर तिचं थरथरणं थांबायचं नाही.

"मग सांगितलं का नाहीस?" मॅडम म्हणाल्या.

"कोनाला सांगू? यंत्राला?" गजानन म्हणाला. "मी हातान कमी करतंय, ता सकाली वाडवतंय. ता दमत न्हाय, मी दमलंय."

मॅडम हसल्या नाहीत. खाटेपाशी बसल्या, म्हातारीचा हात हातात घेऊन बराच वेळ तिच्याशी बोलत राहिल्या. गाव कुठलं, माहेर कुठलं, वाकट्या वाळवायच्या कशा. मग गजाननला घेऊन शिडीवर चढल्या आणि भोंग्याचं तोंड समुद्राकडे वळवून घेतलं. रत्नागिरीला परतल्यावर त्या जेटीपुरता वेगळा नियम लिहिला: चाचणी फक्त दिव्याने, भोंगा खऱ्या इशाऱ्यालाच. आणि खाली मराठीत कारण लिहिलं, "घरात आजारी माणूस आहे." तात्यांनी विचारलं, सगळीकडे एकच नियम म्हणत होता ना? मॅडम म्हणाल्या, "एकच म्हणजे एका ठिकाणी लिहिलेला. तो सगळ्यांना सारखाच असला पाहिजे असं कोण म्हणालं?"

पण त्या चुकायच्या नाहीत असं नाही. एकदा फार मोठी चूक झाली.

बांगड्याचे दिवस होते, समुद्र आरशासारखा. मॅडमनी चाचणीची वेळ बदलायला दवंडी पिटली आणि चाचणीच्या जागी धोक्याचा इशारा गेला. एका शब्दाचा फरक. त्या दिवशी त्यांनी ओळ वाचली होती, मोठ्यानेच वाचली होती, मी ऐकली होती. पण चूक ओळीत नव्हती, आत लिहिलेल्या मजकुरात होती. भर दुपारी सगळ्या किनाऱ्यावर भोंगे वाजायला लागले. होड्या जाळी कापून परत फिरल्या.

संध्याकाळी टेम्पो भरभरून माणसं कचेरीखाली आली. तात्या म्हणाले, "तांत्रिक बिघाड म्हणून सांगू. मॅडम, तुम्ही खाली येऊ नका." मॅडम चपला शोधत होत्या. एक सापडली, दुसरी टेबलाखाली आत गेलेली, तशाच अनवाणी खाली उतरल्या. मी मागून.

"बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी. मी लिहिलं तेच यंत्रांनी केलं."

होडी चालवणारा एक म्हातारा तांडेल पुढे आला. "बाय, आज आमी आलो. पुडच्या येली भोंगा वाजला, नि आमी म्हटला का ह्यो पन तिच्या चुकीचाच, तर?"

मॅडम मान खाली घालून उभ्या राहिल्या. नंतर कित्येक दिवस बशीतला चहा तसाच निवून जायचा.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. धोक्याचा भोंगा आपोआप वाजायचा बंद केला. जेटीवरच्या माणसाने शेडमधलं बटण दाबून होकार दिला तरच वाजणार. आणि दुसरी, यापुढे कुठलाही बदल आधी एकाच जेटीवर जाणार, तिथे नीट चालला की मगच बाकीच्यांकडे. ती पहिली जेटी त्यांनी निवडली स्वतःच्या गावची. हेदवीच्या पुढे खाडीच्या तोंडाशी त्यांचं गाव. धाकटा भाऊ बाळा तिथे होडी चालवायचा. "चुकलं तर आधी माझ्या घरात चुकू दे," त्या म्हणाल्या.

बाळा कधी कचेरीत आला तर हेच सांगून हसवायचा. काळा, रुंद खांद्यांचा माणूस, येताना ओल्या पिशवीतून काहीतरी आणणारच. "ही आमची बाय. हिला काय नवीन सुचला का पयला माज्या कानात वाजवून बगते. म्हावरा पन आता वलकतो हिचा भोंगा." मॅडम त्याला "गप रे" म्हणायच्या आणि त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघत बसायच्या. आईविना वाढवल्यासारखा त्यांनी त्याला वाढवला होता. आई होती, पण दिवसभर बाजारात.

मग ते वादळ आलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. वादळ गोव्याच्या बाजूने लांबून जाणार असं सकाळपर्यंत सांगत होते. बऱ्याच होड्या गेल्या होत्या. जेवणाच्या सुमाराला खात्याचा निरोप आला की त्याने दिशा बदलली आहे, संध्याकाळच्या आत किनाऱ्याला लागेल. जेटींना इशारा गेला. पण भोंगे वाजेनात. बटण दाबायला माणूस जागेवर हवा ना! कोणी जेवायला गेलेला, कोणी होडी ओढायला, कोणी फोन उचलेना.

मॅडम खुर्चीत बसल्या. बटणाची अट सगळीकडून काढायची आणि भोंगे सरळ वाजू द्यायचे. दोन बोटांनी टाइप केलं, आधी नुसतं विचारून बघितलं, मोठ्याने वाचलं, आणि नियमाप्रमाणे पहिल्यांदा आपल्या गावाला पाठवलं.

उत्तर येईना. मग लाल ओळ आली. यंत्रापर्यंत पोचता येत नाही.

पुन्हा पाठवलं. पुन्हा लाल.

तात्या मागे उभे होते. "मॅडम, आता थांबू नका. सगळीकडे सोडून द्या."

"न बघता सोडलं आणि चुकलं, तर सगळे भोंगे मुके होतील तात्या. एक तरी वाजलेला ऐकू दे."

मी म्हटलं, "मॅडम, गावाला काय झालंय ते तरी विचारा. फोन लावा बाळाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन टेबलावर त्यांच्या हाताशीच होता. "आधी हे होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि गजाननच्या जेटीचं नाव टाइप करायला लागल्या.

ती ओळ हिरवी आली. त्यांनी गजाननला फोन लावला. तो घरीच होता. त्याने मोबाइल दाराबाहेर धरला असावा, कारण आमच्या खोलीभर भोंग्याचा आवाज झाला. मॅडमनी बाकीच्या सगळ्या जेटींना दवंडी सोडली. पडद्यावर हिरव्या ओळी येत गेल्या, एकीखाली एक, आणि प्रत्येक ओळीबरोबर त्या त्या गावाचं नाव त्या पुटपुटत गेल्या. आमच्या खिडकीतून मिरकरवाड्याचा भोंगा ऐकू यायला लागला. खाली रस्त्यावर माणसं धावत होती.

शेवटी एकच लाल ओळ उरली. तेव्हा त्यांनी फोन उचलला.

बाळाचा फोन बंद. त्याच्या बायकोचा, सुजाताचा, चौथ्या पाचव्यांदा लागला.

"सुजाता, बाळा कुठे आहे?"

"गेलाय सकालीच. ताय, शेडवर खांब पडलाय, लाइट न्हाय, भोंगा न्हाय. मगाशी तुमचा फोन येल म्हनून मी हातात घेऊन उभी व्हती."

मॅडमनी डोळे मिटले. मग एकदम आवाज चढवून सांगायला लागल्या, वाडीतल्या रिक्षा, टेम्पो, असतील तेवढ्या गाड्या किनाऱ्याच्या खडपावर न्या, सगळे हॉर्न एकदम वाजवा, दिवे समुद्राकडे करा. ते त्यांनी केलं. जवळच्या होड्या त्या आवाजावर आल्या. बाळा लांब होता. त्याला कळलं तेव्हा लाटाच उंच झाल्या होत्या. खाडीच्या तोंडाशी त्याची होडी खडकावर फुटली. बरोबरचे दोघे पोहून किनाऱ्याला लागले. बाळाचा पाय होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला. त्याला ओढून काढलं तेव्हा गुडघ्याखाली हाडाचा चुरा झालेला होता.

बाकी किनाऱ्यावरची सगळी माणसं घरी आली.

संघाने मॅडमचा सत्कार केला. शाल घेतली, नारळ घेतला, आणि भाषणं चालू असतानाच त्या मागच्या दाराने निघून इस्पितळात गेल्या. मी डबा घेऊन तिथे पोचले, तर बाळा भिंतीकडे तोंड करून पडला होता. सुजाता पायाशी. मॅडम स्टुलावर, शाल घडी करून मांडीवर.

"बाय," तो भिंतीशीच बोलला, "पयला फोन घरी का न्हाय केलास?"

मला वाटलं, त्या समजावतील. फोन आधी केला असता तरी खांब उभा राहणार नव्हता, हे मला कळत होतं, त्यांना तर कळतच होतं. पण अर्धा तास आधी हॉर्न वाजले असते, हेही खरं होतं.

"नाही केला," मॅडम म्हणाल्या. बस, तेवढंच.

तो पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. त्या दर शनिवारी गावाला जायच्या, त्याच्या पायाचा व्यायाम करून घ्यायच्या. तो पाय द्यायचा, शब्द द्यायचा नाही. समुद्र सुटला होता त्याचा. सोमवारी त्या कचेरीत यायच्या, चपला टेबलाखाली सारायच्या, पडद्यापुढे बसायच्या. गावच्या जेटीवर नवीन शेड झालं, जास्त टिकणारी बॅटरी आली, दुसऱ्या कंपनीचं सिम आलं, आणि कुठल्याच जेटीवर बटण दाबलं नाही म्हणून भोंगा अडणार नाही अशी सोय झाली. माणसाने नको म्हटलं नाही तर थोड्या वेळाने तो आपला आपण वाजणार.

एकदा डबा खाताना मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "मॅडम, पुन्हा तशी वेळ आली तर?"

त्यांनी भाकरीचा तुकडा सोलकढीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "रोज येते," त्या म्हणाल्या. "आंघोळ करताना, भाजी चिरताना. आणि रोज मी आधी घरी फोन करते. सुजाता उचलते, गाड्या जातात, बाळा परत येतो. मग बाकीच्या गावांची नावं घ्यायला लागते आणि एका तरी गावाचं नाव अडकतं."

तुकडा सोलकढीत पडला. तो त्यांनी बोटांनी शोधून खाल्ला.

वय झाल्यावर त्या निवृत्त झाल्या. नवीन आलेल्या दोघा इंजिनिअरांना पंधरा दिवस बसून सगळं दाखवलं. त्यांनी रंगीत पडदा आणला, नकाशावर जेटी टिंबांसारख्या दिसतात, बोट लावलं की माहिती उघडते. मॅडमना तो आवडला. "बरं झालं, डोळ्यांना त्रास नाही," म्हणाल्या. मला वाटलं होतं नावं ठेवतील. जाताना रत्नागिरीतल्या खोल्या सोडल्या आणि गावाला भावाच्या घरी राहायला गेल्या. बाळाने बोलावलं की त्या आपणहून गेल्या, मला माहीत नाही. सुजाताने बोलावलं असणार, असा माझा अंदाज.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. महामार्गावरच्या एका तिठ्यावर मी बहिणीकडे जायच्या गाडीची वाट बघत उभी होते. मुंबईला जाणारी एसटी समोर येऊन थांबली आणि खिडकीत बाळा दिसला. केस पांढरे, पण खांदे तसेच. पलीकडे मॅडम. मी दार गाठून आत चढले.

"सरोजबाई!" मॅडम अर्ध्या उठल्या. "याच्या पायातली सळई काढायची आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी बोलावलंय."

"खिडकी मी घेतली," बाळा म्हणाला. "हिला मलमलता, खिडकी हिला पायजे व्हती. मी म्हटला, पाय माजा, खिडकी माजी."

"बघा ना," मॅडम म्हणाल्या. लिंबू त्यांनी नाकाशी धरलं होतं. तक्रार करत होत्या, पण आवाजात काहीतरी इतकं मोकळं होतं की मी नुसती ऐकत राहिले. सुजाता कशी आहे, कोकमं या वर्षी किती झाली, गजाननची आई अजून आहे, हे सगळं त्या एका दमात सांगत होत्या. कंडक्टरने घंटा मारली. मी घाईने उतरले.

गाडी हलली तसा बाळाने हात खिडकीबाहेर काढला. निरोपाला नव्हे. तळवा उघडा करून, बोटं थोडी फाकवून, वाऱ्यात धरला आणि वारा कुठून येतोय ते बघत राहिला.

"हात आत घ्या ओ!" कंडक्टर आतून ओरडला. "ओ खिडकीवाले!"

बाळाला ऐकू आलं नसावं, किंवा आलं असेल. मॅडम त्याच्या अंगावरून वाकल्या, बाहेर हात घालून त्याचं मनगट धरलं, आणि हात आत घेतला. गाडी वळणाला लागेपर्यंत मला मागच्या खिडक्यांतून दिसत होतं. तो हात त्यांनी समोरच्या सीटच्या दांड्यावर ठेवला होता आणि वर स्वतःचा हात. तो काहीतरी सांगत होता, आणि त्या मान वळवून ऐकत होत्या.